अठरावा खिळा

आमच्या पाळकसाहेबायच्या हाताला कायम गोड्या तेलाचा वास यायचा. प्रभुभोजनाच्या दिवशी त्यायच्या हातून भाकरीचा तुकडा घेतला तरी त्याला तेलाचा वास, आन तेलाच्या खाली लोखंडाचा. बाहीरगावचा कुनी पाव्हना उपासनेला आला की शेजारच्याला हळूच विचारायचा, तुमच्या मंडळीत भाकर तळून देत्यात का? आमाला हसू यायचं. आमाला ठाव व्हतं, तो वास आमच्याच घरायच्या कुलपायचा हाय.

माझी आठवी अर्धी सुटली, त्यामुळं मागचं पुढं आन पुढचं मागं व्हईल, समजून घ्या. पोरगी आत्ताच निजलीय, ती उठायच्या आत मला हे लिवायचंय.

आमची वस्ती धारूरच्या डोंगराच्या कडंला. ख्रिस्ती घरं थोडी, बाकी धनगर, वंजारी, सगळी मिसळून. दसरा सरला की निम्मी वस्ती ऊसतोडीला जाती, कुनी सांगलीकडं, कुनी कर्नाटकात, ती पाडव्याच्या मागं-पुढं माघारी येती. तवर घराला कुलूप, आन कुलपाची चावी पाळकसाहेबायकडं. ज्याचा देव कोनताबी असो, चावी तितंच. साहेबायचं घर म्हंजी दोन खोल्या, पन पाळक ऱ्हातो म्हनून त्याला बंगला म्हनायचं. त्या बंगल्यात दाराच्या मागं एक फळी व्हती, चर्चच्या मोडक्या बाकाची, तिच्यावर अठरा खिळे, आन एकेका खिळ्याला एकेका घराची चावी. कुटं नाव न्हाई, नंबर न्हाई. ज्या घराची चावी त्या घरातल्या कापडाची चिंधी तिला बांधलेली. धनगराच्या आजीच्या लेकाच्या चावीला घोंगडीचा तुकडा, कुनाच्या चावीला धोतराचा काठ, आमच्या चावीला माज्या हळदीच्या साडीची पिवळी चिंधी.

सोताच्या घराला मात्र त्यायनी कदी कुलूप लावलं न्हाई. कुनी म्हनलं, साहेब, चोर शिरंल की, तर म्हनायचे, "शिरू दे. न्हेईल काय? तुमच्या चाव्या. मंग तुमी बगा आन तो बगू."

रोज पाच वाजता, ऊन कलतं तवा, ते फळी काखंत मारून निघायचे. फळीच काखंत, चाव्या वाजायल्या, दुसऱ्या हातात तेलाची छोटी बाटली, पायात रबरी चप्पल. पैल्या घराचं कुलूप उघडायचं, तेलाचा थेंब सोडायचा, दार ढकलायचं, आन उंबऱ्यात उभं राहून त्या घरातल्या समद्या मानसायची नावं मोठ्यानं घ्यायची. म्हाताऱ्यापासनं लेकरापर्यंत. जेवाय बोलवावं तशी. मंग आत जाऊन चुलीत दोन काड्या पेटवायच्या, धूर झाला की पानी मारून इजवायच्या, आन बाहीर येऊन कुलूप. मंग दुसरं घर. मी एकदा विचारलं, साहेब, रिकाम्या घरात चूल कावून पेटवता? तर म्हनले, "सूनबाई, घराला धुराची आदत असती. धूर न्हाई दिसला की उंदराला वाटतं आपलं झालं, आन घराला वाटतं आपल्याला टाकून दिलं."

एका साली एका घरात मांजरीनं चुलीतच पिल्लं घातली. साहेबायनी त्या घरात महिनाभर काडी लावली न्हाई. नावं मात्र घ्यायचे, आन पिल्लायला सांगायचे, "तुमी भाडेकरू हाय, मालक पाडव्याला येनार." रविवारी उपासनेत प्रार्थनाबी तशीच. बाकीचे पाळक कसं, प्रभू सगळ्यांना आशीर्वाद दे म्हनत्यात. आमचे म्हनायचे, प्रभू, कोपऱ्यातल्या घराचा पत्रा उचकटलाय, त्याच्यावर मी चार धोंडे ठिवलेत, वारा मात्र तू बग. प्रभू, आमक्याच्या दाराची कडी ढिली झालीय, त्याच्या उसातल्या लेकराच्या छातीतबी कफ हाय, कडीचं मी बगतो. लोक डोळे झाकून हसायचे. पन माज्या ध्यानात आलंय, तशी प्रार्थना ऐकली की मानूस घरी जाऊन आपली कडी तपासायचा.

आन तुळस! धनगराच्या आजीचा लेक टोळीत गेला की त्याच्या दारातल्या तुळशीला साहेबच पानी घालायचे. आजी पलीकडच्या खोपटात ऱ्हाती, गुडघ्यानं बेजार, तिला डोंगराच्या बाजूनं चढवत न्हाई. एकदा सोसायटीतला एक मानूस मोटारसायकल थांबवून म्हनला, "काय ओ पाळकसाहेब, तुळशीला पानी! तुमचा देव रागवंल ना."

"तिला तहान लागलीय, त्यात त्याला कावून राग यावा?"

तेवढ्यात आजी तिकडून वरडली, "घालतोयच तर सांजंचा दिवाबी लाव की रे!"

"दिवा न्हाई लावनार, आजी. तो तुमचा तुमी लावा. पानी घालीन, पानी माझंबी हाय."

आजी म्हनली, "लई इमानदार बाबा हायेस, मेल्या." तितनं पुढं तिनं त्यायला दिवा लाव म्हनलं न्हाई, आन त्यायनी पान्याची एक सांज चुकवली न्हाई.

मी सिरसाळ्याहून लग्न व्हऊन हितं आले त्याच साली पैल्यांदा टोळीत निघाले. टॅक्टर दारात, भांडीकुंडी चढवलेली, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आन सासूबाई म्हनल्या, चल, चावी देऊन यू. बंगल्यासमोर लाईन, टॅक्टरबी मागोमाग तितंच आला. साहेब नुसती चावी घेत न्हाईत, ही त्यायची रीत मला ठाव न्हवती. चावी हातात घेऊन म्हनायचे, "नावं सांगा." घरातल्या सगळ्यायची नावं त्याच घरातल्या मानसानं सांगायची, ते ऐकायचे, परत म्हनून दाखवायचे, मंगच खिळ्याला. दर साली. पाठ असली तरी. सासूबाईनी मला पुढं ढकललं, "ह्या साली सून सांगंल."

मी सासऱ्यायचं नाव घेतलं न्हाई, सासूचं घेतलं न्हाई, आन मालकाचं तर कसं घेऊ? लाईनीत सगळे पुरुष उभे. मी आपली खाली बगून म्हनले, "आमच्या घरातले समदे."

"समदे म्हंजी कोन?"

"हे."

"हे? आगं, रोज पाचला मी तुज्या उंबऱ्यात उभा ऱ्हाऊन 'हे' म्हनून वरडू व्हय? निम्म्या वस्तीतले नवरे ओ देतील."

लोक फुटले हसाया. माझं तोंड तापलं, डोळ्यात पानी आलं. मंग ते एकदम हळू म्हनले, "सूनबाई, नाव घेतल्यानं मानूस कमी व्हत न्हाई. घे. तू न्हाई घेतलंस तर मी हाक कुनाला मारू?" मी घेतलं. जन्मात पैल्यांदा. मालक टॅक्टरवर उभे व्हते, त्यायनी ऐकलं आन पलीकडं तोंड केलं. शेवटाला साहेब म्हनले, "आन तुजं?" मी सोताचं नाव सांगायचंच इसरले व्हते.

त्या साली उसात मला लई भ्या वाटायचं. मला पहिल्यापासनंच भ्या वाटतं, अंधाराचं, इंच्वाचं, मोठ्यानं बोलनाऱ्या मानसायचं. कोपीत, म्हंजी उसाच्या पाचटाच्या खोपटात झोपायचं, पाचटाचा आवाज, मुकादमाच्या शिव्या. पाच वाजले की मोळ्या बांधता बांधता टोळीतली एखादी बाई कंबर सरळ करून म्हनायची, "आता साहेब आपल्या गल्लीत शिरले असतील." दुसरी म्हनायची, "आता तुज्या दारात." सासूबाई माज्याकडं बगून म्हनायच्या, "आता तुजं नाव घेतलं बग त्यायनी." आन खरं सांगते, मला बरं वाटायचं. एवढ्या लांब, चिखलात, कुनीतरी आपलं नाव आपल्या घरात घेतंय. त्याच साली सासरे तितंच उसात गेले. पाडव्याला आमी आलो, दुसऱ्या दसऱ्याला सासूबाईनी चावी देताना त्यायचं नाव सोडलं, तर साहेबायनी चावी हातातच धरली. म्हनले, "एक राहिलं." सासूबाई म्हनल्या, "ते आता कुटं हायेत?" साहेब म्हनले, "उसात गेलेत. तुमी तरी उसातून ओ देता म्हनून मी हाक मारतो व्हय?" सासूबाई तितंच खाली बसल्या. मंग त्यायनी नाव घेतलं.

साहेबायनी आमची घरं आतून बघितली, पन कुनाच्या घरातलं कुनाला सांगितलं न्हाई. माझं आठवीचं मराठीचं पुस्तक मी पत्र्याच्या पेटीखाली लपवून ठिवलं व्हतं. कावून लपवलं ते मलाच ठाव न्हाई, सासरी पुस्तक आनलं म्हनून कुनी हसंल म्हनून असंल. एका साली माघारी आले तर पुस्तक पेटीवर. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पन झाडून, उन्हात वाळवून, वर पेपराचं कव्हर घातलेलं, आन आत एक पेन्शील. त्यायनी त्याचा शब्द काढला न्हाई, मीबी न्हाई. त्याच पेन्शिलीनं लिवतेय. आता बोटाएवढी राहिलीय.

ह्या साली मी टोळीत गेले न्हाई. पोरगी दिवाळीच्या आदी झाली, एवढं लेकरू घेऊन थंडीत कोपीत कुटं ऱ्हायचं. मालकासंगं सासूबाई कोयता धरून गेल्या. आमच्या गल्लीत सगळ्या घरायला कुलूप, मधी एकट्या माज्या घराचं दार उघडं. दिवसा बी सुनं वाटायचं. मी पोरगी छातीशी धरून पाच वाजायची वाट बघायचे. आदी चाव्यायचा आवाज, मंग हाका, एकेक घर जवळ यायचं, मंग आमचं दार. आमच्या दारात कुलूप न्हवतं तरी ते थांबायचे, उसात गेलेल्या दोघायची नावं घ्यायचे, सासऱ्यायचं घ्यायचे, मंग म्हनायचे, "बाकीच्या दोघी हजर," आन पुढं जायचे. तेवढ्यावर माझी रात निघायची.

आन नाताळ झाला आन साहेबायची रिटायरमेंट आली. लेक पुण्याला न्हेनार व्हती. पाळकबाई जाऊन बारा वर्सं झाली, एकटं कुटवर ऱ्हातील. नवे पाळक आंबाजोगाईहून रविवारी येऊन-जाऊन करनार. मालकाचा उसातून फोन आला की पैली गोष्ट हीच, "चावी कुनाकडं ठिवनार? विचारलं का तू? नुसतं भितीस काय, विचार ना." मी म्हनायचे विचारते. साहेब दारात यायचे, हजर म्हनून पुढं जायचे, आन माझं तोंड उघडायचं न्हाई. चाव्यायचं तर व्हतंच, पन मला त्याच्यावून मोठं वाटायचं ते हे, की आता पाच वाजता कोन येनार.

कमिटीनं सत्कार ठिवला. चर्चच्या आंगनात मांडव, खुर्च्या, मोठा पुढारी बोलवला. सेक्रेटरी माज्या दारात येऊन म्हनले, "टोळीवाल्याच्या वतीनं तू दोन शब्द बोल. त्यायच्यातली तूच एक मागं हायेस." मी म्हनले, मला न्हाई जमत, भ्या वाटतं. ते म्हनले, "साहेबासाठी एवढं करायचं न्हाई?" मंग मी चार ओळी लिवल्या. मांडवात पुढं बसले, कागद घामानं भिजला, पोरगी मांडीवर. सेक्रेटरीनं चाव्यायचाबी निकाल लावून टाकला, म्हनले, ती फळी आता हापिसात लोखंडी कपाटात ठिवू, कपाटाची चावी कमिटीकडं. साहेब खुर्चीतूनच म्हनले, "चाव्यायला कुलूप? मंग त्या कुलपाची हाक कोन मारनार?" लोकायला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय.

पुढाऱ्यानं शाल घातली, हार घातला, आन माईक धरला. "मी यांना लहानपणापासून ओळखतो," असं म्हनून कागदात नाव बघितलं. माज्या मागं धनगराची आजी म्हनली, "कागदात बगून वळखतोय मेला." भाषन लांबत गेलं. साहेब सारखे उन्हाकडं बघत व्हते. एकाएकी उठले, पुढाऱ्याला हात जोडले, आन स्टेजच्या मागून खाली उतरले. सेक्रेटरी घाबरून माईकजवळ आले, "बसा, बसा, साहेबायला जरा लघवीला जायचं असंल." पुढारी बोलतच राहिला.

आन तेवढ्यात लाईट गेली.

माईक बंद, पंखे बंद. पुढाऱ्याचं तोंड हलतंय, आवाज न्हाई. आन त्या शांततेत वस्तीकडून हाक आली. पैल्या घराची. एकेक नाव. मंग दुसऱ्या घराची. ज्यायच्यासाठी त्यायनी जन्म घातला त्यायच्यातलं माज्याबिगर एक मानूस त्या मांडवात न्हवतं, सगळी लांब उसात मोळ्या बांधत व्हती, आन त्यायची नावं मांडवात येत व्हती. आजीच्या लेकाचं नाव आलं तशी आजी म्हनली, "ओ!" आन पदर तोंडाला लावला.

मी उठले. पोरगी काखंत, कागद मुठीत. मला बोलवलंबी न्हाई कुनी अजून, मी पळतच निघाले.

आमच्या शेजारच्या घरात साहेब चुलीपुढं उकिडवे बसून फुंकत व्हते, गळ्यात हार, खांद्यावर शाल, शालीचं टोक राखंत.

"बोललीस का?"

"न्हाई."

"मीबी न्हाई बोललो. बरं झालं."

मी रडाया लागले. म्हनले, "साहेब, तुमी गेल्यावर पाचला कोन येनार? मला लई भ्या वाटतं."

त्यायनी चुलीत अजून एक काडी सारली. काडीचा धूर डोळ्यात गेला म्हनून का काय, डोळे पुसले. मंग म्हनले, "तुला एक सांगतो, कुनाला सांगू नको म्हनत न्हाई, सांग पायजे तर. मी नवा आलतो ना हितं, तवा पैल्या घराचं कुलूप काढलं, आत अंधार, आन कोपऱ्यात सुरसुर आवाज. मला सापाचं लई भ्या. आतबी जाईना, माघारीबी जाईना. मंग उंबऱ्यात उभा ऱ्हाऊन मी त्या घरच्यायची नावं वरडलो. मोठ्यानं. ते आत हायेत असं वाटाया. तशी सुरू झाली ही हाक. लोक म्हनत्यात साहेबायची प्रार्थना हाय. प्रार्थना मंग झाली, सूनबाई. आदी ते भ्याच व्हतं."

"अजून वाटतं?"

"रोज. सतरा वेळा."

मी रडता रडता हसले. त्यायनी फळी माज्या गुडघ्याला टेकवून ठिवली. म्हनले, "कपाटापरीस तू बरी. कपाटाला भ्या वाटत न्हाई."

दुसऱ्या दिशी सकाळी लेकीची गाडी आली. साहेबायनी दुकानातून नवं कुलूप आनलं व्हतं, जन्मात पैल्यांदा बंगल्याला लावलं, आन लावताना त्यायला ते नीट लावता येईना, एवढी कुलपं उघडनाऱ्या मानसाला. चावी माज्याकडं दिली. म्हनले, चिंधी पायजे. हिकडं-तिकडं बघितलं, आन सत्काराची शाल काढून तिची झालर टर्रकन फाडली. लेक म्हनली, "बाबा, अहो!" त्यायनी चावीला झालर बांधली. "अठरावा खिळा रिकामाच हाय तुजा ह्या साली. तितं अडकव."

मी चावी हातात धरली, पन अडकवली न्हाई. मी म्हनले, "नावं सांगा."

ते बघतच राहिले. लेकीला काय कळंना. साहेबायनी कुलपावर हात ठिवला. मंग आदी पाळकबाईचं नाव सांगितलं, आन मंग सोताचं. मी दोन्ही परत म्हनून दाखवली. सत्काराच्या पत्रिकेत छापलेलं नाव येगळं, पदव्यायचं. हे घरातलं व्हतं. ते मी हितं लिवत न्हाई, घरातलं हाय.

गाडी गेली.

आता पाचला मी निघते. पोरगी पाठीला बांधलेली, फळी काखंत, तेलाची बाटली. उंबऱ्यात उभी ऱ्हाते, भ्या वाटतं, नावं घेते. तुळशीला पानी घालते, आजी तिकडून वरडती, "मोठ्यानं घे की ग, पोटात भाकर न्हाई का?" मालक फोनवर म्हनले, "आमच्या टोळीत सगळ्यायला सांगितलं, चावी आमच्या घरात हाय." आन जरा थांबून, "माझं नाव घेतीस का मग रोज?" मी फोन ठिवून दिला.

एकच घर मला जमत न्हवतं. बंगला शेवटाला येतो. कुलूप काढायचे, तेल सोडायचे, चूल पेटवायचे, आन बाहीर यायचे. पाळकबाईचं नाव कसंबसं घ्यायचे, साहेबायचं घ्यायला जीभ वळायची न्हाई. एवढा मोठा मानूस, पाळक, बापाच्या वयाचा, त्याला नावानं हाक कशी मारू. मी नुसती म्हनायचे, "हे बी."

मागच्या आठवड्यात पुन्याहून लेकीचा फोन आला. म्हनली, बाबा बरे हायेत, जेवत्यात, पन पाच वाजले की खुर्चीतून उठून दारात जाऊन उभे ऱ्हात्यात. चौथ्या मजल्यावर. आमी म्हनतो, बाबा, कुनी येनार हाय का? तर म्हनत्यात, थांब, अजून आपलं घर आलं न्हाई.

त्या दिशी सतरा घरं झाली आन मी बंगल्याचं कुलूप काढलं. दार ढकललं. खुंटीला त्यायचा उपासनेचा जुना झगा अजून तसाच. पोरगी पाठीवर जागी व्हती. मी उंबरा धरला, डोळे मिटले, आन पाळकबाईचं नाव घेतलं, आन मंग त्यायचं घेतलं, मोठ्यानं, एवढं मोठ्यानं की पलीकडून आजीनं विचारलं, "कोन आलं ग?"